वाघ-वाघिणीची जोडी जमवताना

पत्रिका आधी पाहायचीच: वंशावळीच्या नोंदीत नातं निघालं, तर विषय तिथेच संपवा. मग दोघांना शेजारच्या पिंजऱ्यांत ठेवा. मधली जाळी पंजा आरपार जाणार नाही इतकी बारीक हवी. नाकातून 'फुर्र फुर्र' ही दोस्तीची खूण. कान मागे पाडून गुरगुर चालू असेल, तर दार उघडू नका.

वाघीण लोळू लागली, जाळीला गाल घासू लागली, की माजावर आली समजा. माज जेमतेम 3 ते 6 दिवसांचा.

सोडताना आत मांस नको, खाण्यावरूनच जुंपते. सरकत्या दारापाशी माणूस आणि पाण्याचा पाइप तयार ठेवा. समागम होताच वाघीण उलटून पंजा मारते. तेवढ्यावरून घाबरून त्यांना वेगळं करू नका, कारण वारंवार समागम झाला तरच वाघिणीचं स्त्रीबीज सुटतं. पिल्लं सुमारे 103 दिवसांनी. नराला त्याआधीच हलवा.