नव्या घरासाठी डिशवॉशर निवडताना

ओटा बसवण्यापूर्वीच डिशवॉशरची जागा ठरवावी, कारण नळजोडणी, सांडपाण्याचा निचरा आणि १६ अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेट ही कामे फरशा लागल्यानंतर खर्चिक ठरतात. ६० सेंटिमीटर रुंदीच्या यंत्रात १२ ते १४ जणांची भांडी मावतात असे माहितीपत्रक सांगते. मात्र तो हिशेब पाश्चात्त्य ताटे-पेल्यांचा असल्याने घरातली सर्वांत मोठी कढई दुकानात सोबत न्यावी (विक्रेता हसला तरी हरकत नाही) आणि रॅकची उंची बदलता येते का, हे पाहावे.

खरी परीक्षा पाण्याची असते. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातील क्षार साचून फवाऱ्याची छिद्रे बुजतात. म्हणून विशेष मीठ घालून चालणारी, पाण्याच्या जडपणानुसार जुळवता येणारी सॉफ्टनरची, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवण्याची, सोय यंत्रातच असावी. टाकी अगदी डोक्यावर असलेल्या वरच्या मजल्यावर यंत्राला लागणारा किमान दाब मिळतो का, हे आधी तपासावे, कारण १० मीटर उंचीमागे जेमतेम १ बार दाब मिळतो. तेलकट भांड्यांसाठी ७० अंशांचा प्रोग्राम हवाच. लोखंडी तवा आणि तांब्या-पितळेची भांडी मात्र हातानेच घासावीत. वॉरंटीच्या वर्षांपेक्षा सुटे भाग आपल्या गावात मिळतात की नाही, हे मी अधिक महत्त्वाचे मानतो.