किनाऱ्यावर फ्रिस्बी खेळताय? आधी वारा बघा
गोव्यातल्या मिरामारच्या वाळूत शनिवार-रविवार अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीच्या डिस्कने दोन संघांत रंगणारा खेळ, खेळायचं तर सकाळच्या सामन्यांवर हुरळू नका. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तीच 175 ग्रॅमची डिस्क पतंगासारखी वर चढते आणि मागे येते. वाऱ्याविरुद्ध फेकताना पुढची कड किंचित खाली ठेवा. हाताचा जोर नको, मनगटाचा झटका वाढवा. फिरकी जास्त तर डिस्क स्थिर. लांब थ्रोचा माझा मोह सुटला तो समोरच्यांना दोन गुण देऊनच! किनाऱ्यावर संघात पाचच जण, त्यामुळे धाप लवकर लागते. आणि हो, कोरडी वाळू तापली की तळवे भाजतात, जाड मोजे घाला. बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत न्या.