टोरांटोच्या कॅबेजटाउनमध्ये जुनं घर घेताय? या चुका टाळा

कॅबेजटाउनमधलं व्हिक्टोरियन घर बघायला गेलं की नजर उंच छताकडे जाते, लाकडी जिन्याकडे, दारावरच्या रंगीत काचेकडे. आम्हीही तेवढंच बघितलं. विटांमधल्या दरजा बघा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. म्हणून सुरुवात भिंतीपासून.

दरजा सिमेंटने भरणं

ही घरं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. विटा मऊ आणि बांधकाम चुन्यातलं. पुण्यातल्या जुन्या वाड्याची डागडुजी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल: चुन्याची भिंत ओल पिते आणि सोडतेही. पावसाचं, बर्फाचं पाणी आत शिरलं तरी दरजांमधून वाळून जातं. तिथे सिमेंट भरलं की ती वाट बंद. मग पाणी विटेतून बाहेर पडायला बघतं, जानेवारीत विटेतच गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि विटेचा दर्शनी भाग सोलून काढतं.

आमच्या घराला पुढच्या खिडकीखाली कुणीतरी करड्या सिमेंटने दरजा भरून ठेवल्या होत्या. दिसायला एकदम टापटीप. तिसऱ्या हिवाळ्यानंतर पायरीवर लाल भुकटी आणि नखाएवढ्या कपच्या पडायला लागल्या. विटेवर बोट फिरवलं की भुगा हाताला यायचा. वीट मागे सरकलेली आणि सिमेंटची रेघ मात्र जशीच्या तशी पुढे आलेली.

असं दिसलं तर सिमेंट हाताने, छिन्नीने काढून घ्या. दरजा आधीच बारीक असतात, ग्राइंडर लावला की विटांच्या कडा कापल्या जातात. मग चुन्याचा माल भरायचा. गवंड्याला पहिला प्रश्न हाच विचारा: चुन्यात काम केलंय का, आणि ते कुठे बघायला मिळेल? काम उन्हाळ्यात उरका, कारण ओला चुना गोठला की सगळं वाया. विटांवर रंग देणं, ओल अडवणारा थर फासणं किंवा वाळूच्या माऱ्याने भिंत ‘स्वच्छ’ करून घेणं, यातलं काहीही करू नका. वाळूने विटेची भट्टीत भाजलेली कडक सालच निघून जाते.

परवानगीचा विचार नंतर करणं

इथला बराच भाग वारसा जतन क्षेत्रात येतो. रस्त्यावरून दिसणाऱ्या बदलाला शहराची परवानगी लागू शकते. खिडक्यांच्या बाबतीत तर हमखास गडबड होते. वारा येतो म्हणून जुन्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवायची घाई करू नका. फटींना पट्ट्या लावा आणि बाहेरून जादा काचेची खिडकी बसवा. ते जुनं लाकूड दुरुस्त होतं.

पाणी उकळलं म्हणजे निर्धास्त होणं

हे मी आपल्या घरांसाठी मुद्दाम लिहिते आहे. १९५०च्या दशकाच्या मध्याआधी बांधलेल्या घरांना रस्त्यापासून शिशाचा पाइप असू शकतो. आपल्याला पाणी उकळून प्यायची सवय, आणि त्याने शिसं जात नाही. वाफ उडून जाते, शिसं मागे राहतं. घाई असली म्हणून गरम नळाचं पाणी वरणाच्या कुकरमध्ये घालणं त्याहून वाईट, कारण गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. स्वयंपाकाला नेहमी गार नळ वापरा. सकाळी पाणी चांगलं गार लागेपर्यंत वाहू द्या, तपासणी करून घ्या आणि तोवर शिसं काढण्यासाठी प्रमाणित केलेला फिल्टर लावा. घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणी गरोदर असेल तर हे उद्यावर ढकलू नका.

माळ्यावर न डोकावणं

चिनी मातीच्या गोट्यांवरून ओढलेल्या जुन्या तारा अजून चालू असतील तर बऱ्याच विमा कंपन्या विमा नाकारतात किंवा तारा बदलायची अट घालतात. अशा तारांवर थंडी अडवणारा कापूस पसरला की त्या तापतात. घर घेण्यापूर्वीच इलेक्ट्रिशियनला वर चढवा.

वरचा मजला गार म्हणून बॉयलरचं तापमान वाढवणं

गरम पाण्यावर चालणारा रेडिएटर (खोली उबदार ठेवणारा भिंतीजवळचा लोखंडी संच) खालच्या बाजूला कढत आणि वरच्या बाजूला गार लागत असेल तर बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. बॉयलर बंद करून पाणी कोमट होऊ द्या. रेडिएटरच्या टोकाला छोटा चौकोनी स्क्रू असतो. त्याखाली वाटी धरा आणि स्क्रूवर रेडिएटरची चावी लावून पाव फेरा फिरवा. आधी फुसफुस, मग थुंकल्यासारखे काळपट थेंब, आणि मग सलग धार. धार आली की लगेच बंद करा. खालच्या मजल्यापासून वर जा. शेवटी बॉयलरच्या काट्यावर दाब उतरलाय का ते बघा. उतरला असेल तर पाणी भरून घेतल्याशिवाय बॉयलर चालू करू नका.