तीव्र अ‍ॅलर्जी असलेलं मूल शाळेत: इंजेक्शन कुठे ठेवायचं, कधी द्यायचं
अ‍ॅड्रेनालिनचं ऑटो-इंजेक्टर (तीव्र अ‍ॅलर्जीच्या झटक्यात द्यायचं, औषध आधीच भरलेलं पेनसारखं इंजेक्शन) कुलपात ठेवू नका; किल्ली शोधण्यातच वेळ जातो. फ्रिजमध्येही नको. मुलाचा फोटो लावलेला उपचार-आराखडा इंजेक्टरच्याच पिशवीत हवा.

खाल्ल्यावर घरघर, आवाज बसणं किंवा भोवळ दिसली, की अंगावर गांधी नसल्या तरी थांबायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, कपड्यावरूनच इंजेक्शन द्या. मग रुग्णवाहिका, मग पालक. मुलाला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसवा. चालवत ऑफिसात मात्र नेऊ नका, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. ५ मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस. अ‍ॅलर्जीची गोळी खाज घालवते, सुजलेला घसा मोकळा करत नाही.

डब्यानंतर हात साबणानेच धुवायला लावा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं.