जीपच्या मॉडेलवर पेट्रोलचे डाग कुठे?

१/३५ मापातली विलीज एमबी जीप रंगवताना बरेच जण उत्साहाच्या भरात बॉडीच्या बाजूवर पेट्रोलचे ओघळ काढतात. दिसतात छान, पण जागा चुकते. दुसऱ्या महायुद्धातल्या या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. इंधन भरायचं तर गादी उचलावी लागते. म्हणून डाग हवेत ते सीटखालच्या टाकीच्या झाकणाभोवती आणि तिथून फ्लोअरवर उतरलेले. मागच्या जेरीकॅनखाली (जादा इंधनाच्या डब्याखाली) एखादा बारीक ओघळ चालेल.

डागासाठी गडद तपकिरी ऑइल पेंट भरपूर पातळ करा, शून्य नंबरच्या ब्रशने झाकणाच्या कडेला फक्त टेकवा. रंग आपोआप खाचेत पसरतो. वाळल्यावर मधोमध ग्लॉस वार्निशचा लहानसा ठिपका द्या, म्हणजे डाग ताजा वाटतो. कडा मॅटच ठेवा. सगळंच चकचकीत केलं की जीप खेळण्यातली दिसते!

हे काम सीटची गादी चिकटवण्याआधी उरका, नंतर तिथे ब्रश शिरत नाही. धुळीचा थर मात्र सगळ्यात शेवटी द्या, आणि डागांवर अगदी हलका.