जुनी फायबर बोट घेण्याआधी ठोकून बघा

रंग नवा मारला की फायबरची बोट बाहेरून छानच दिसते. आतलं लाकूड कुजलेलं किंवा थर सुटलेले असतील तर ते डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं.

पावसाळ्यात बोट वर ओढलेली असते तेव्हा बघा. तळ सुका हवा.

१. प्लास्टिकचा हातोडा किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या. माठ वाजवून बघतो तसं वीतभर अंतराने हलकं ठोकत जा. टणक आवाज येत असताना मध्येच बद्द वाजलं, तर तिथे खडूने गोल करा.

२. गोल केलेल्या जागी तळहाताने जोर द्या. दबलं, किंवा आतून करकरलं, तर थर सुटलेले असण्याची शक्यता मोठी.

३. इंजिन लावतात ती मागची फळी सर्वांत महत्त्वाची. इंजिन वर उचलून लॉक करा, पंख्याच्या बाजूला हाताने वरखाली जोर द्या आणि दुसऱ्या माणसाला फळीकडे बघायला सांगा. फळी वाकताना दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. ते काम खर्चाचं असतं.

४. कोपऱ्यात केसासारख्या भेगा दिसतात का? शाईचं मार्कर फिरवून लगेच ओल्या फडक्याने पुसा, शाई भेगेत राहते. एकाच ठिकाणाहून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा बहुधा धक्क्याच्या. एका रेषेत समांतर असतील तर तळ तिथे लवतोय.

आत आडवी फळी, टाकी किंवा फोम असेल तिथेही आवाज बदलतो. म्हणून दुसऱ्या बाजूला त्याच जागी ठोकून ताडून बघा, मगच बोटीत दोष काढा.