नमुने गोळा करण्याआधी सीक्वेन्सिंग केंद्रात या

सामायिक सीक्वेन्सिंग (डीएनए-आरएनएचा क्रम वाचण्याच्या) केंद्रात काम करताना माझा सर्वाधिक वेळ आलेले नमुने तपासण्यात जातो. नव्या संशोधकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की पहिला नमुना घेण्याआधीच आम्हाला भेटा. आराखडा कागदावर असतो तोवर सगळं बदलता येतं.

सगळे कंट्रोल (उपचार न दिलेले नमुने) एका दिवशी आणि सगळे उपचार दिलेले नमुने दुसऱ्या दिवशी काढले, तर दिसणारा फरक औषधाचा की त्या दिवसाचा, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. दोन्ही गट प्रत्येक बॅचमध्ये (एका वेळी हाताळलेल्या नमुन्यांत) मिसळा. एकाच आरएनएच्या तीन ट्यूब म्हणजे तीन बायोलॉजिकल रेप्लिकेट (स्वतंत्र जैविक नमुने) नव्हेत, त्यासाठी तीन वेगळे प्राणी किंवा रुग्ण लागतात. रुग्णांमध्ये मुळातच फरक फार, तिथे तीन अपुरेच पडतात. जनुकांच्या अभिव्यक्तीतला फरक शोधायला नमुन्यामागे दोन-तीन कोटी रीड (यंत्राने वाचलेले छोटे क्रम) सहसा पुरतात. उरलेला पैसा मी तरी रेप्लिकेट वाढवण्यावर घालीन.

आरएनए लवकर तुटतो. ऊतक काढल्याबरोबर गोठवा, उणे ८० अंशांवर ठेवा, ड्राय आइसमध्ये पाठवा. तो किती शाबूत आहे हे आरआयएन (आरएनए इंटिग्रिटी नंबर) सांगतो, १ ते १० या मापात. ८च्या वर असेल तर पॉली-ए निवड (पॉली-ए शेपटी पकडून एमआरएनए वेगळा काढणं) बिनधास्त करावी. पॅराफिन ब्लॉकमधल्या (मेणात जतन केलेल्या ऊतकातल्या) तुटक्या आरएनएला मात्र ती चालत नाही, कारण शेपटीजवळचेच तुकडे हाती लागतात. तिथे रायबोसोमल आरएनए (नमुन्यात सर्वाधिक असणारा, रायबोसोमचा) काढून टाकण्याची पद्धत मागा.

नॅनोड्रॉपच्या (प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर प्रमाण ठरवू नका. डीएनए, आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड, सगळंच तो एकत्र मोजतो. शुद्धतेचा अंदाज घ्यायला तो चांगला (२६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर डीएनएला १.८, आरएनएला २.०च्या आसपास), पण प्रमाण क्युबिटवर (फक्त डीएनए किंवा फक्त आरएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. इल्यूशन बफरमध्ये (शुद्ध केलेला डीएनए-आरएनए ज्यात घेतो त्या द्रवात) ईडीटीए फार नको. एन्झाइमना लागणारं मॅग्नेशियम ते बांधून ठेवतं.

आमची तपासणी काटेकोर असते, कारण एका फ्लो सेलवर (सीक्वेन्सरमधल्या काचपट्टीवर) अनेकांच्या लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेले तुकडे) एकत्र चालतात. एकीचं प्रमाण चुकलं, की इतरांच्या वाट्याचे रीड जातात. दोघांचे इंडेक्स (नमुना ओळखायला जोडलेले छोटे क्रम) सारखे निघाले, तर कुणाचा डेटा कुठला हे वेगळं काढता येत नाही. म्हणून तयार लायब्ररी आणणार असाल तर इंडेक्सची यादी आधीच पाठवा.

फास्टक्यू (रीडच्या) फाइल मिळाल्या, की लगेच उतरवून घ्या, एमडी५ (फाइल अखंड उतरली का हे दाखवणारा कोड) जुळवा आणि दोन ठिकाणी ठेवा. केंद्राच्या सर्व्हरवर त्या कायम राहत नाहीत.